सह्याद्रीचा कडा ३० मीटरच्या चौकटीत: कोपर्निकस जीएलओ-३० उंची-डेटाचे परीक्षण

नकाशावर डोंगर कसा उमटतो हे तपासायचे असेल, तर हातातला उंचीचा डेटा आधी नीट ओळखून घ्यावा लागतो. हिलशेडची (प्रकाश-सावलीने उठाव दाखवणाऱ्या छायांकनाची) नवी पद्धत, कंटूरची (समान उंचीच्या रेषांची) नवी मांडणी किंवा उंचीनुसार रंगांची नवी पट्टी लावून पाहिली आणि कड्याच्या जागी चट्टे आले, तर दोष मांडणीचा की डेटाचा हे सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर चाचणीला अर्थ उरत नाही. या दृष्टीने कोपर्निकस जीएलओ-३० हा मोफत डीईएम, म्हणजे सुमारे ३० मीटरच्या चौकटींत उंची देणारा डेटा, सह्याद्रीवर लावून पाहिल्यावर जे दिसते ते इथे मांडले आहे. सोबत अमेरिकेचा एसआरटीएम, जपानचा एडब्ल्यूथ्रीडी-३० आणि इस्रोचा कार्टोडीईएम या उंचीच्या इतर डेटांशी गरजेपुरती तुलना आहे.

निकाल आधीच सांगते. मोफत मिळणाऱ्या डेटात सह्याद्रीसाठी आज हा पहिला पर्याय आहे. १:१,००,००० आणि त्याहून लहान प्रमाणाच्या नकाशांवर तो चांगले काम देतो. १:५०,००० ला त्याची ताकद संपत येते. त्याहून मोठ्या प्रमाणावर ट्रेकचा नकाशा करायला तो वापरू नये.

जर्मनीच्या टॅनडेम-एक्स मोहिमेत दोन रडार उपग्रह एकमेकांच्या जवळून उडत होते. डिसेंबर २०१० ते जानेवारी २०१५ या काळात त्यांनी केलेल्या मोजणीवर हा डेटा उभा आहे. उंची मीटरमध्ये, दशांशासह, ३२ बिटांत साठवलेली असते. संदर्भपातळी ईजीएम २००८, म्हणजे समुद्रपातळीचे एक गणिती प्रतिरूप, ही आहे. आपल्या अक्षांशांवर एक अंश बाय एक अंशाची टाइल (डेटाचा एक तुकडा) ३६०० बाय ३६०० पिक्सेलची, म्हणजे चौकटींची, येते. उभ्या दिशेतली अचूकता ४ मीटरच्या आत (९० टक्के ठिकाणी) असल्याचे अधिकृत तपशीलात म्हटले आहे. शेजारच्या दोन बिंदूंमधल्या फरकाची अचूकता कमी उतारावर २ मीटर आणि २० टक्क्यांहून जास्त उतारावर ४ मीटर अशी दिली आहे. नकाशात भूरूप कसे दिसेल हे बहुतांशी या दुसऱ्या आकड्यावर ठरते. संपूर्ण डोंगर ३ मीटर वर सरकला तर हिलशेडमध्ये कोणाला कळणारही नाही. एका पिक्सेलपासून शेजारचा पिक्सेल ३ मीटर चुकला, तर पठारावर खरखर दिसू लागते.

डेटा उतरवण्याचा सोपा मार्ग ओपनटोपोग्राफीचा. खाते उघडायचे, नकाशावर चौकोन आखायचा, यादीतून कोपर्निकस ३० मीटर निवडायचे आणि हवा तेवढाच तुकडा घ्यायचा. ॲमेझॉनच्या खुल्या साठ्यातून पूर्ण टाइलही घेता येते. एकच टाइल घ्यायची असेल तर उत्तर १९, पूर्व ७३ ही घ्या. कळसूबाई, रतनगड, सांदण दरी, भंडारदऱ्याचा जलाशय, आजोबा, हरिश्चंद्रगड, माळशेज, नाणेघाट, जीवधन आणि खाली कल्याणच्या आसपासचा सपाट मुलूख, हे सगळे त्या एका टाइलमध्ये आहे. कडा, शिखर, घळ, पाणी, मैदान हे पाचही प्रकार इतक्या कमी जागेत मिळणारी यापेक्षा चांगली टाइल महाराष्ट्रात सापडणार नाही.

दशांशांतल्या उंचीचा फायदा सपाट भागात लगेच दिसतो. एसआरटीएम, एडब्ल्यूथ्रीडी-३० आणि कार्टोडीईएम पूर्ण मीटरमध्ये येतात. मंद उताराच्या मुलखात जमीन शंभर-दोनशे मीटर अंतरात एखादाच मीटर चढते, पण पूर्णांकात ती काही पिक्सेल अगदी सपाट राहते आणि मग एकदम १ मीटरने उडी घेते. हिलशेडमध्ये त्याचे पट्टे उमटतात. स्लोपच्या (उताराच्या) नकाशात शून्य अंशाचे मोठे पट्टे आणि त्यांच्या कडेने बारीक रेघा येतात. दख्खनच्या बाबतीत हा दोष विशेष घातक आहे, कारण इथले डोंगर खरोखरच पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. बेसॉल्टच्या थरांवर थर, कठीण थराचा उभा टप्पा, मऊ थराचा तिरका उतार, पुन्हा टप्पा अशी ही रचना आहे. खोट्या पायऱ्या खऱ्या पायऱ्यांत मिसळल्या की नकाशा पाहणारा दोन्ही खऱ्या मानतो.

ओळखायची रीत सोपी आहे. पायऱ्यांवर आडवा छेद घेऊन उंचीचा आलेख काढा. खोट्या पायरीची उडी नेमकी १ मीटर असते आणि ती सगळीकडे सारखीच येते. लाव्हाच्या थरांच्या पायऱ्या काही मीटरपासून अनेक दहा मीटरपर्यंत कमीजास्त असतात आणि शेजारच्या सोंडेवर जवळपास त्याच उंचीला पुन्हा दिसतात. जीएलओ-३० मध्ये पहिला प्रकार नाही, म्हणून थरांची चाचणी याच डेटावर करावी. पूर्णांकाचा डेटा नाइलाजाने वापरायचाच असेल, तर तो आधी दशांशाच्या प्रकारात बदलून मगच हलकी स्मूदिंग करा, म्हणजे उंची थोडी गुळगुळीत करा. उलट क्रमाने केले तर पायऱ्या तशाच राहतात.

आता कडा. इथे मात्र कोणताही ३० मीटरचा डेटा हरतो, आणि तो कसा हरतो हे समजून घेतले पाहिजे. रास्टरच्या, म्हणजे चौकटींच्या जाळीच्या, एका चौकटीत एकच उंची मावते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा माथा पुढे झुकलेला आहे, म्हणजे त्याच्या पोटाखाली मोकळी हवा आहे. रास्टरला ते दाखवता येत नाही. रतनगडाच्या नेढ्यातून आकाश दिसते, डेटात मात्र तिथे सलग भिंत असते. जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका एका-दोन चौकटींत गाडला जातो आणि टेंगळासारखा दिसतो. सांदण दरी अनेक ठिकाणी काही मीटरच रुंद आहे. ३० मीटरच्या चौकटीत दोन्ही काठ आणि तळ यांची सरासरी होते आणि घळीऐवजी उथळ पन्हळ उरते. एखादे भूरूप ओळखू येण्यासाठी त्याच्यावर किमान दोन-तीन चौकटी पडायला हव्यात. ६० ते ९० मीटरपेक्षा लहान जे काही आहे ते या डेटातून मागू नये.

कड्याच्या उताराचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. समजा ३०० मीटरचा सरळ उभा कडा आहे आणि डेटाने तो आदर्शपणे टिपला, म्हणजे माथ्याची चौकट आणि पायथ्याची चौकट एकमेकींना लागून आल्या. तरीही स्लोप काढणारे सॉफ्टवेअर मधल्या चौकटीच्या दोन्ही बाजूंचे शेजारी घेते, म्हणजे ६० मीटरवर ३०० मीटर. उत्तर येते ७९ अंश. प्रत्यक्षात रडारच्या मोजणीत कडा चार-पाच चौकटींवर पसरतो. १५० मीटरवर ३०० मीटर पडले की उतार ६३ अंशांवर येतो. म्हणून ‘७० अंशांच्या वर कडा’ असा नियम लावून कड्याचे चिन्ह आपोआप काढायला गेलात, तर सह्याद्रीतले अर्धे कडे नकाशातून गायब होतील. ५० ते ५५ अंशांपासून सुरुवात करा, आणि त्यातही सलग तुकड्याची लांबी तपासा. एकटीदुकटी चौकट गाळून टाका.

रडारचा आणखी एक स्वभाव इथे आडवा येतो. उपग्रह खाली सरळ पाहत नाही, बाजूने तिरकस पाहतो. उंच कड्याचा माथा त्यामुळे पायथ्याच्या आधी मोजला जातो किंवा पायथा सावलीत राहून मोजलाच जात नाही. डोंगराळ भाग वेगवेगळ्या बाजूंनी मोजून ही तूट कमी केलेली आहे, तरी उरलेल्या छिद्रांत दुसऱ्या स्रोतांचा डेटा भरलेला आहे. मूळ पॅकेजमध्ये चार जोड-रास्टर मिळतात: कुठे भरणा केला, कुठे हाताने दुरुस्ती केली, पाणी कुठे आहे आणि उंचीतली संभाव्य चूक किती. बहुतेक लोक ती उघडतच नाहीत. कड्यावर चाचणी करणाऱ्याने भरण्याचे रास्टर आधी पाहायलाच हवे. ज्या चौकटींत एसआरटीएम किंवा एडब्ल्यूथ्रीडी-३० चा भरणा आहे, तिथला पोत वेगळा दिसणारच. त्याचा दोष छायांकनाला लावू नये.

एडब्ल्यूथ्रीडी-३० कड्यांवर काही ठिकाणी अधिक रेखीव वाटतो, हे मान्य केले पाहिजे. तो प्रकाशीय छायाचित्रांच्या जोड्यांवरून केलेला आहे आणि मूळ मोजणी ५ मीटरची आहे. पण ढगांमुळे राहिलेल्या जागा आणि पूर्णांक, या दोन अडचणी त्याच्या बरोबर येतात. घाटमाथ्यावर ढगांची अडचण लहान नाही.

कंटूरची चाचणी करताना १:५०,००० चे उदाहरण घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर कंटूरचे अंतर २० मीटर असते. ३०० मीटरच्या कड्यावर १५ रेषा येतात, आणि ३० मीटर म्हणजे कागदावर ०.६ मिलिमीटर. दोन रेषांत ०.०४ मिलिमीटर उरतात. छापल्यावर तिथे एकच जाड काळा पट्टा दिसेल. हाताने नकाशा काढणारे जाणकार अशा जागी रेषा थांबवून कड्याचे चिन्ह काढतात, आणि ते अगदी योग्य आहे. सॉफ्टवेअर ते आपणहून करत नाही. कड्याचा बहुभुज आधी तयार करून त्याच्या आतल्या मधल्या रेषा छाटा, फक्त १०० मीटरच्या ठळक रेषा आत जाऊ द्या. एवढ्यानेच नकाशा वाचता येऊ लागतो.

सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावर, अडचण उलटी येते. सपाट जागी १० मीटरचे कंटूर थरथरतात आणि बारीक बारीक वलये तयार होतात. गॉशियन स्मूदिंग लावली तर वलये जातात, पण सड्याची धारदार कडही गोल होते. पाचगणीच्या टेबललँडची ओळखच त्या धारेत आहे. ती गोल झाली की तो साधा गवताळ उंचवटा वाटतो. व्हाइटबॉक्स टूल्स या सॉफ्टवेअरमधले ‘फीचर प्रिझर्व्हिंग स्मूदिंग’ इथे खरोखर उपयोगी पडते. फिल्टर ११, कोनाची मर्यादा १५ अंश आणि फेऱ्या ३ हे मूळचे आकडे चालतात. उंचीतल्या बदलाची मर्यादा मात्र मूळची ०.५ मीटर ठेवू नका. ती लिडारच्या (लेझरने केलेल्या बारीक मोजणीच्या) डेटासाठी ठीक आहे. जीएलओ-३० साठी २ ते ३ मीटर ठेवल्याशिवाय खरखर हलत नाही.

हिलशेड काढण्यापूर्वी प्रक्षेपण बदलणे सक्तीचे समजा. डेटा अंशांमध्ये येतो आणि उंची मीटरमध्ये असते. तसाच हिलशेड काढला तर बरीच सॉफ्टवेअर एका अंशाला एक मीटर धरतात आणि चित्र काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे होते. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये असे करा: सगळ्या टाइल आधी एका व्हर्च्युअल रास्टरमध्ये जोडा. मग ‘वॉर्प’ वापरून यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या प्रक्षेपणात, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये न्या. ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत हे चालते, त्यापलीकडच्या विदर्भासाठी ३२६४४. आउटपुट चौकट ३० मीटर ठेवा आणि रिसॅम्पलिंग (नव्या चौकटींची उंची काढण्याची रीत) क्युबिक किंवा बायलिनिअर निवडा. मूळ निवड ‘निअरेस्ट नेबर’ असते आणि ती इथे चालत नाही. आपल्या अक्षांशावर एक चौकट पूर्व-पश्चिम सुमारे २९.२ मीटर असते. तिची ३० मीटर करताना निअरेस्टमध्ये साधारण दर ११०० मीटरला एक उभी ओळ गळते, आणि हिलशेडमध्ये शिवणीसारख्या रेषा दिसतात. टाइलनिहाय हिलशेड काढून मग जोडणेही टाळा. प्रत्येक टाइलच्या कडेला शेजारी नसल्यामुळे एक पिक्सेलची रिकामी किनार राहते.

प्रकाशाची दिशा हा सह्याद्रीवरच्या चाचणीतला सर्वांत रंजक भाग आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वायव्येचा, ३१५ अंशांचा प्रकाश आधीपासून ठरलेला असतो. आपल्या मुलखाला तो सोयीचा नाही. हरिश्चंद्र-बालाघाट आणि महादेव या रांगा वायव्येकडून आग्नेयेकडे जातात. प्रकाश रांगेच्या अंगानेच गेला की तिच्या दोन्ही बाजू सारख्याच उजळतात आणि रांग चपटी दिसते. दिशा २० ते ३० अंशांवर आणली की त्याच रांगा एकदम उठून येतात. पण सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण आहे आणि कडे पश्चिमेला पाहतात. त्यांच्यासाठी २० अंशांचा प्रकाश जवळजवळ समांतर पडतो आणि कोकणातून दिसणारी भिंत विरघळते. तिला २८० ते २९० अंश लागतात. एका प्रकाशात दोन्ही साधत नाहीत. दोन हिलशेड काढून मिसळावे लागतात: घाटमाथ्याच्या पूर्वेला पहिला जास्त, धारेच्या पश्चिमेला दुसरा जास्त. क्यूजीआयएसमधला बहुदिशा हिलशेड वेळ वाचवतो, पण पायऱ्यांचा ठसठशीतपणा त्यात कमी होतो. माझी पसंती हाताने मिसळण्यालाच.

दक्षिणेकडून प्रकाश टाकला तर दरीचा डोंगर आणि डोंगराची दरी दिसू लागते. हे तपासायला लोणारसारखी दुसरी जागा नाही. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे जीएलओ-३० मध्ये आरपार साठेक चौकटी, आणि खोली सुमारे १५० मीटर. आकार वर्तुळाकार असल्यामुळे प्रत्येक दिशेचा उतार एकाच चित्रात मिळतो. ३१५ अंशांवर खड्डा दिसतो, १३५ वर बहुतेकांना टेकाड दिसते. कडेचा उंचवटा सुमारे २० मीटरचाच आहे, त्यामुळे छायांकन बारीक उठाव टिकवते की गिळते हेही तिथेच कळते. टाइल उत्तर १९, पूर्व ७६.

हा डेटा जमिनीचा नसून पृष्ठभागाचा आहे, हे विसरून केलेल्या चाचण्या फसतात. टॅनडेम-एक्सच्या रडारची तरंगलांबी सुमारे ३ सेंटीमीटर आहे. दाट झाडीत ती शेंड्यांच्या जवळपासच अडते. कोयना-चांदोलीच्या रानात किंवा महाबळेश्वरला जिथे झाडी संपून मोकळा सडा सुरू होतो, तिथे झाडांच्या उंचीएवढी खोटी पायरी येते, आणि हिलशेडमध्ये ती थेट खडकाच्या टप्प्यासारखी दिसते. उपग्रहचित्र वर ठेवून पाहा. पायरी झाडीच्या कडेने चालत असेल तर ती झाडीचीच. कासचा सडा आणि टेबललँड गवताळ असल्यामुळे तिथे डेटा स्वच्छ आहे, म्हणून सपाट माथ्याची चाचणी तिथेच करावी. मुंबई-पुण्यात इमारतींचे गठ्ठे टेकड्यांसारखे वर येतात. जीएलओ-३० मधूनच झाडी आणि इमारती काढून केलेला फॅबडीईएम या कामी येतो, पण त्यात धारा बोथट झालेल्या आढळतात आणि व्यावसायिक वापराला तो मोकळा नाही. कड्यांसाठी मूळ जीएलओ-३०, शहरासाठी फॅबडीईएम असे वाटप ठीक पडते.

मोजणीचा काळही लक्षात ठेवा. विमानतळासाठी सपाट केलेली नवी मुंबईची उलवे टेकडी या डेटात अजून उभी आहे. जलाशयांचे पृष्ठभाग एकाच पातळीवर सपाट केलेले आहेत, त्यामुळे भंडारदरा किंवा कोयनेचा शिवसागर हिलशेडमध्ये एकसारखा राखाडी तुकडा दिसतो. तसाच राखाडी रंग सपाट सड्यालाही येतो. हिलशेडला उंची कळत नाही, फक्त उतार कळतो. पाण्याचे रास्टर वेगळ्या रंगात वर टाका आणि खाली उंचीनुसार रंग द्या, म्हणजे १२०० मीटरवरचा सडा आणि ६० मीटरवरचे कोकण वेगळे वाटतील.

कार्टोडीईएम इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून नोंदणी करून मिळतो. कार्टोसॅट-१ च्या २.५ मीटरच्या जोडचित्रांवरून तो केलेला असल्यामुळे उत्सुकता वाटणे साहजिक आहे. त्यातली उंची मात्र डब्ल्यूजीएस ८४ लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या एका गणिती आकारापासूनची, असते. भारतात समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या खाली आहे, त्यामुळे कोकणकिनाऱ्यावर उणे साठ-सत्तर मीटर असे आकडे दिसतात. डेटा खराब आहे असे समजून लोक तो टाकून देतात. ईजीएमची दुरुस्ती मिळवली की तो जागेवर येतो. ती न करता जीएलओ-३० शी वजाबाकी करू नका. आणि वजाबाकीत डोंगराच्या पूर्व अंगाला सलग अधिक, पश्चिम अंगाला सलग उणे असे दिसले, तर उंची चुकलेली नसते. दोन रास्टर एकमेकांवर अर्धा-एक पिक्सेल सरकलेले असतात. चौकटी जुळवून घेतल्या की हा नमुना नाहीसा होतो.

शिखरांची उंची या डेटावरून लिहू नये. कळसूबाईचा माथा एका चौकटीपेक्षा लहान आहे, सरासरीत तो १६४६ मीटरच्या खालीच येतो. लहान प्रमाणासाठी चौकटी मोठ्या केल्या की आणखी उतरतो. शिखराचा आकडा सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटवरून घ्या आणि बिंदू म्हणून वेगळा टाका.

तयार नकाशा प्रसिद्ध करताना श्रेयओळ द्यावी लागते. तीत जर्मन अवकाश संस्था डीएलआर (२०१०-२०१४), एअरबस डिफेन्स अँड स्पेस (२०१४-२०१८), युरोपीय संघ आणि युरोपीय अवकाश संस्था यांची नावे येतात. डेटासोबतच्या परवान्यात तिचा मसुदा दिलेला आहे, तो शब्दशः घ्यावा आणि नकाशाच्या चौकटीतच छापावा. फॅबडीईएम मिसळला असेल तर त्याची ओळ वेगळी, आणि मग तो नकाशा विकता येत नाही.